नंबर वाचता आला पाहिजे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोंभुर्ण्यात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. हॉर्न, हेडलाइट, सेल्फ, बॅटरी हे रोजचं. गेल्या काही वर्षांत त्यात एका कामाची भर पडली आहे. गिऱ्हाईक येतं, खोक्यातून मुठीएवढा कॅमेरा काढतं आणि म्हणतं, "भाऊ, हा समोरच्या काचेला बसवून द्या. फोर के आहे." याला डॅशकॅम म्हणतात. गाडी सुरू झाली की तो समोरच्या रस्त्याचं चित्रण करत राहतो. मी विचारतो, "रात्री पुढच्या गाडीचा नंबर दिसतो का यात?" उत्तर ठरलेलं असतं, "दिसतच असेल, फोर के आहे ना!" या 'असेल'बद्दल मला आज बोलायचं आहे.

नंबराला एवढं महत्त्व कशासाठी? आपल्याकडचे रस्ते बघा. पोंभुर्ण्याहून मूलला जा, गोंडपिपरीला जा किंवा बल्लारपूरला जा, मध्ये जंगल, दिवे नाहीत आणि संध्याकाळी सात-आठनंतर वर्दळ तुरळक. एखाद्या वाहनानं सायकलवाल्याला किंवा मोटारसायकलवाल्याला उडवलं आणि ते निघून गेलं, तर बघणारं कोणी नसतं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे अपघात करणाऱ्या चालकानं जखमीला मदत करायची असते आणि पोलिसांना कळवायचं असतं. पण जो पळतो त्याला कायदा कोण सांगणार?

आता पैशांचा हिशेब बघा. वाहन सापडलंच नाही, तर केंद्र सरकारच्या योजनेतून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी तर मृत्यूसाठी पंचवीस हजारच होते. पण वाहनाचा नंबर मिळाला, की त्याच्या विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. तिथे मृताचं वय, कमाई, घरात खाणारी तोंडं किती, हे सगळं धरून भरपाई ठरते. कमावता माणूस गेलेल्या घरासाठी ही रक्कम दोन लाखांच्या कितीतरी पट असू शकते. हा सगळा फरक दहा अक्षरांच्या एका पाटीवर अवलंबून असतो.

असंच एक मेमरी कार्ड माझ्याकडे आलं होतं. अपघात एका मोटारसायकलचा, आणि मागून येणाऱ्या जीपमध्ये कॅमेरा. ट्रक दिसत होता, त्याची ताडपत्री दिसत होती, मागचे लाल दिवे दिसत होते. नंबराच्या जागी मात्र पांढरा चौकोन. चित्र थांबवून पाहिलं, मोठं करून पाहिलं; चौकोनच मोठा झाला. गेलेल्या माणसाचा भाऊ शेजारी उभा होता. तो म्हणाला, "ट्रक तर दिसते ना, मग नंबर का नाही दिसत?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. उत्तर थोडं गणितात आहे, थोडं उजेडात.

आधी गणित. चित्र ठिपक्यांचं बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी चित्रात आडवे १९२० ठिपके, टू के म्हणून विकल्या जाणाऱ्यात २५६० आणि फोर केमध्ये ३८४०. कॅमेऱ्याचं भिंग शंभर अंशांच्या आसपास रुंद बघत असेल, तर दहा मीटरवर त्याच्या नजरेत सुमारे पंचवीस मीटर रुंदीचा देखावा येतो. मोटारीची लांब पाटी अर्धा मीटरची. म्हणजे फुल एचडीमध्ये अख्ख्या पाटीच्या वाट्याला जेमतेम अडतीस ठिपके, एका अक्षराला चारसुद्धा नाहीत. चार ठिपक्यांत तीन आणि आठ यांत फरक कसा दिसणार? आणि एमएच ३४ चं एमएच ३३ झालं, तर शोध चंद्रपूर सोडून गडचिरोलीत सुरू व्हायचा! फोर केमध्ये ठिपके दुप्पट होतात, एका अक्षराला सात-आठ येतात, आणि दिवसाच्या स्वच्छ उजेडात नंबर वाचता येतो. वीस मीटरवर मात्र तेही निम्मे होतात.

यातून खरेदीच्या दोन गोष्टी निघतात. एक, खोक्यावर "एकशे सत्तर अंश" लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नका. जितकं रुंद दिसेल, तितका प्रत्येक नंबर बारीक होईल. दुसरी, फोर के खरं आहे का ते विचारा. खऱ्या फोर केला सेन्सर आठ मेगापिक्सेलचा लागतो. काही स्वस्त कॅमेरे लहान सेन्सरचं चित्र ताणून मोठं करतात. फुगा फुगवला म्हणजे त्यावरची नक्षी वाढत नाही. सेन्सरचं नाव आणि त्याचे मेगापिक्सेल दुकानदाराला सांगता आले पाहिजेत.

आता उजेड. रात्री कॅमेरा उजेड गोळा करायला डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. समजा सेकंदाचा तिसावा भाग. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त पुढे जाते. समोरून येणारी असेल तर दोघांचे वेग मिळून मीटरभर. मग अक्षरं पुसल्यासारखी होतात. म्हणून पुढे त्याच वेगानं चाललेल्या गाडीचा नंबर मिळतो आणि शेजारून सणकन गेलेल्या गाडीचा हुकतो. अशा वेळी मागच्या काचेचा दुसरा कॅमेरा कामाला येतो. समोरून आलेली गाडी ओलांडून गेली, की तिची मागची पाटी त्यात सापडू शकते.

आणि तो पांढरा चौकोन? १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाट्या सक्तीच्या झाल्या. आता जुन्या गाड्यांनाही त्या लावायच्या आहेत. त्यांच्यावरचा थर आपल्या हेडलाइटचा उजेड परत आपल्याकडेच फेकतो. माणसाला हे सोयीचं आहे, पण भोवती मिट्ट काळोख असला की कॅमेरा फसतो आणि पाटी चुन्यासारखी पांढरी उमटवतो. म्हणून एचडीआर ही सोय असलेला कॅमेरा घ्या. ती उजळ आणि काळोखी भाग दोन्ही सांभाळते. 'स्टारव्हिस' जातीचे सेन्सर कमी उजेडासाठीच बनवलेले आहेत. सेटिंगमध्ये एक्स्पोजर रात्रीपुरतं थोडं उतरवता येतं. आणि गाडीच्या मागे असताना डिप्पर ठेवा. पुढच्या चालकाचे डोळेही वाचतील आणि नंबरही.

कॅमेरा कितीही भारी घेतला तरी समोरची पाटी वाचण्यासारखी हवी. कोळशाच्या ट्रकची काळी, आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकची लाल धूळ पाटीवर बसलेली असते. धान निघालं की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सुरू होतात. कित्येकींना पाटीच नसते. तिथे फोर के काय करणार? पण ट्रकच्या हौद्याच्या बाजूवरही नंबर रंगवलेला असतो, तो मोठा असतो आणि चित्रात सापडू शकतो.

आपल्या हवामानाचंही ऐकून घ्या. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीत काचेजवळ काय होत असेल? बॅटरीवाला कॅमेरा तिथे फुगतो. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. मेमरी कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या, कारण ते दिवसभर पुसून पुन्हा लिहिलं जातं. कॅमेरा आरशाच्या मागे, वायपर जिथे काच पुसतो तिथे बसवा. वीज फ्यूज बॉक्समधून घ्या, मूळ वायर कापू नका. घड्याळ बरोबर लावा. आणि पैसे देण्याआधी एक करा. संध्याकाळनंतर मूल रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालवा, परत येऊन चित्र मोबाइलवर नव्हे, मोठ्या पडद्यावर बघा. नंबर वाचता आला तर घ्या.

अपघात बघितलाच, तर आधी माणूस. १०८ ला फोन करा, ११२ ला कळवा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात संरक्षण आलेलं आहे. पळणाऱ्या गाडीचा पाठलाग करू नका. मग कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवा, नाहीतर त्यावर नवं चित्रण चढेल. चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. ते तिथे दाबलं जातं आणि अक्षरं जातात. मूळ कार्ड पोलिसांना द्या, पावती घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते पोलीस सांगतील तसं द्या.

हे फक्त माणसांपुरतं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती मार्गावर बाजारगावजवळ 'बाजीराव' वाघ अज्ञात वाहनाच्या धडकेनं मेला. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया जिल्ह्यात मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून वाघ गेला. त्याचं चित्रण साऱ्या देशानं पाहिलं. वाघ तक्रार करत नाही. त्याच्या बाजूनं बोलायला नंबरच हवा.

शेवटी बिनपैशाची गोष्ट. बहुतेक डॅशकॅममध्ये माइक असतो. तो चालू ठेवा. डोळ्यांना नंबर दिसला, की लगेच मोठ्यानं म्हणा, "एमएच चौतीस..." आणि पुढचं सगळं. कॅमेऱ्याचा डोळा चुकला तरी त्याच्या कानात तो राहतो. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, त्यांनीही मोठ्यानं म्हणावं, शेजारच्याला सांगावं, हातावर लिहावं. दहा अक्षरं आहेत. एखाद्या घराची चूल त्यांच्यावर पेटणार असते.