रंधा, करवत आणि आमची रविवारची मंडळी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभागृहाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी जी ठोकाठोक चालते ती आमची. आपल्यापैकी काहींची झोप त्यामुळे मोडते, याची आम्हाला जाणीव आहे. कार्यकारिणीने आज आम्हाला दहा मिनिटे दिली आहेत. ही ठोकाठोक कशासाठी, ते सर्वांसमोर सांगावे असे आम्ही ठरविले आहे. त्या खोलीचा निर्णय लवकरच व्हायचा आहे, त्यामुळे आज बोलणे भागच आहे.

आमच्यात पेशाने सुतार म्हणावा असा एकच माणूस आहे. बाकी आम्ही बँकेतले कारकून, पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, एक रिक्षाचालक बंधू, बालवाडीत शिकविणाऱ्या एक ताई आणि बारावी झालेली काही मुले. सुरुवात झाली ती वाचनालयाच्या कपाटापासून. बाजारातून आणलेले कपाट भुसा दाबून केलेल्या पाट्यांचे होते. पुस्तकांच्या वजनाने त्याच्या फळ्या वाकल्या आणि भिंतीच्या ओलीने फुगल्या. नवे आणण्यापेक्षा आपणच करू, असे कोणीतरी म्हणाले आणि कधी नव्हे ते बोललेले खरे झाले. त्यानंतर बालवाडीची बुटकी बाके झाली, जिन्याचा कठडा झाला, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या खाटा आणि स्टुले तर किती झाली ते मोजलेले नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीने गावगाडा पाहिलेला आहे. बलुतेदारांत सुतार होता आणि महारही होता. काम जन्मानेच ठरलेले. सुताराच्या मुलाने रंधा धरायचा, आपल्या माणसांनी लाकडे फोडायची आणि वाहायची. लाकूड दोघांच्याही हातात होते; कसब मात्र एकाच घराच्या उंबरठ्याआत राहिले. यात सुतार बांधवांवर राग धरण्याचे काही कारण नाही. त्यांनाही दुसरे काही शिकण्याची मोकळीक नव्हती. पण आज आपल्या वस्तीतली मुलगी पटाशीला धार लावते, तेव्हा ती केवळ हौस नसते, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

आमचे खरे गुरू म्हणजे आमचे पॅटर्नमेकर काका. हा धंदा फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. फौंड्रीत यंत्राचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा तयार होतो आणि साच्यात वितळलेला धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो. म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करायचा: बिडाला फुटामागे साधारण एक सूत, पोलादाला दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारमंडळी आजही याच मापात बोलतात. पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढा लांब असतो. शिवाय नमुना वाळूतून साचा न मोडता निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. आता संगणकावर चालणारी यंत्रेही असे नमुने कापतात. ज्या हातांनी हे सारे आयुष्यभर अंदाजाने आणि मापाने केले, ते हात आमच्या खोलीत आहेत.

काकांनी पहिला महिनाभर आम्हाला लाकूड कापूच दिले नाही. फक्त धार लावायला लावली. रंध्याचे पाते आणि पटाशी तेलाच्या दगडावर घासायची, पाठ सपाट करायची, नखावर टेकवून पाहायची. मुले कंटाळली. दोघे यायचे थांबले, हेही खरे. मग खुणा करणे आले. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते, म्हणून सांध्याची खूण सुरीच्या टोकाने करावी, असे काका सांगतात. कापताना रेघ राखायची, खायची नाही. काकांना आता बारीक रेघ दिसत नाही. ते सांध्यावरून बोट फिरवतात आणि कुठे किती घासायचे ते सांगतात. आजवर ते चुकल्याचे आम्ही पाहिले नाही.

आमच्यातले एकमेव व्यावसायिक म्हणजे राजस्थानातून आलेले मिस्त्री. प्लायवूड, सनमायका, सरकणारे कप्पे यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. काकांचा जीव अस्सल लाकडात, मिस्त्रींचा प्लायमध्ये, त्यामुळे रविवारी वादही ऐकायला मिळतात. काका जुन्या सरसाची आठवण काढतात. जनावरांच्या हाडा-कातड्याचा तो सरस विस्तवावर वितळवायचा आणि गरम असतानाच लावायचा. फेविकॉल १९५९ साली आले आणि पुढे सुताराच्या पेटीतून तो वास गेला. मिस्त्री आम्हाला प्लायच्या कडा न उडवता कापायला शिकवितात. आम्ही बँकेतली मंडळी त्यांना कोटेशन लिहायला आणि हिशेबाची वही ठेवायला मदत करतो. फी कोणी कोणाला देत नाही. हत्यारे सामायिक आहेत. कोणते हत्यार कोणी नेले आणि कधी परत केले याची नोंद आम्ही ठेवतो. बँकेतली सवय, दुसरे काय.

बालवाडीच्या ताईंनी करवतीचे काम आपल्याकडे घेतले आहे. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि करवत अडकत नाही. हा वाक गेला की करवत लाकडात रुतून बसते. कानस मारून दात पुन्हा तयार करणे हे वेळखाऊ, डोळ्यांना ताण देणारे काम आहे. ताईंइतकी चिकाटी आमच्यात दुसऱ्या कोणाकडे नाही.

लाकडाविषयीही आम्ही खूप शिकलो. पावसाळ्यात दार अडकते हे सर्वांना माहीत आहे. का अडकते हे आम्हाला माहीत नव्हते. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. त्याची लांबी जवळपास बदलत नाही, रुंदी मात्र बदलते. म्हणून जुन्या दारांतली मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल ठेवलेली असते, तिला खिळा किंवा सरस नसतो. तिला फुगायला जागा ठेवलेली असते. सागाला वाळवी सहसा लागत नाही, कारण त्यात तेलाचा अंश असतो. पण त्यातच वाळूसारखे कणही असतात, त्यामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते. नवा साग आमच्या खिशाला परवडत नाही. आम्ही पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी, तुळया विकत घेतो. त्यातले खिळे काढण्यात अर्धा रविवार जातो.

अशाच जुन्या लाकडावर बोलता बोलता एकदा विषय निघाला की लाकूड टिकते तरी किती. त्याचे उत्तर आपल्या जवळच आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही लोकलने मळवलीला उतरलो आणि भाजे व कार्ले अशी दोन्ही लेणी पाहिली. यापूर्वी वंदनेला अनेकदा गेलो होतो. या वेळी सुताराच्या नजरेने पाहिले. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे छत कमानदार आहे आणि त्याखालच्या कमानी खऱ्या लाकडाच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. स्तूपावरचे छत्रही लाकडाचे. भाज्याचे खांब आत झुकलेले आहेत. छताचा भार बाहेर ढकलतो म्हणून लाकडी इमारतीत खांब असे तिरके रोवावे लागत. कातळाला त्याची गरजच नव्हती, तरीही घडविणाऱ्यांनी लाकडाची रीत सोडली नाही. दर्शनी भाग तिथे लाकडाचाच होता. तो गेला, पण त्याचे कुसू बसविण्यासाठी खडकात कोरलेली भोके आहेत. आमच्यातली मुले त्या भोकांत बोटे घालून खोली मोजत होती.

कार्ल्याच्या दारावर एक लेख आहे. धेनुकाकट गावच्या वेणुवासाचा मुलगा सामी याने दाराचे काम केले, अशी त्यात नोंद आहे. त्याचा धंदा ‘वढकि’ असा दिला आहे, म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात, तो हाच शब्द. व्यापाऱ्यांच्या आणि राजांच्या दानाच्या नोंदी असलेल्या त्या लेण्यात एका सुताराचेही नाव बापाच्या नावासकट कोरलेले आहे. तिथून काका लवकर हलले नाहीत.

मुलांच्या रोजगाराविषयी विचारणा होते. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. अर्जदार त्या व्यवसायात प्रत्यक्ष काम करणारा असावा लागतो. केवळ नाव नोंदवून काही मिळत नाही. अर्ज भरण्यास आम्ही मदत करू. पण हातात काम आधी हवे.

लाकडाचा बारीक भुसा नाकात जाणे घातक आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली त्याची नोंद कर्करोगास कारणीभूत पदार्थांत केली. म्हणून खोलीत तोंडाला मास्क लावल्याशिवाय पॉलिश पेपर घासू दिला जात नाही. मुलांच्या आईवडिलांनी निश्चिंत असावे.

आता खोलीविषयी. ती गोदामासाठी भाड्याने द्यावी असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. संस्थेला पैशाची गरज आहे आणि विद्यार्थ्यांची मदत त्यातूनच होते, हे आम्ही नाकारीत नाही. आमची विनंती एवढीच की काका आहेत तोवर तरी खोली राहू द्यावी. त्यांच्या बोटांत जे आहे ते लिहून घेता येत नाही. शेजारी उभे राहूनच घ्यावे लागते, आणि त्याला जड, न हलणारे बाक लागते. ते दर आठवड्याला उचलून ठेवता येत नाही. त्या बदल्यात विजेचे बिल आम्ही भरू, संस्थेच्या सर्व लाकडी सामानाची दुरुस्ती करू आणि उरलेले सहा दिवस खोली अभ्यासिकेसाठी झाडून मोकळी देऊ. अभ्यासिकेची टेबलेही आम्हीच करू. लाकूड आणून ठेवलेले आहे.

येत्या रविवारी धार लावण्याचा दिवस आहे. घरातल्या बोथट विळ्या, सुऱ्या, कात्र्या घेऊन यावे. खोली आठ वाजता उघडते. काका साडेआठला येतात.