थंड पडलेले हातपाय : लाल विंचवाचा दंश, निदान आणि पुरावा

(ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

लाल विंचू बोटभर लांबीचा असतो. काळ्या इंगळीशेजारी ठेवला तर अगदीच किरकोळ दिसतो. इंगळी डसली की ठणका असह्य होतो, माणूस रात्रभर कण्हतो, पण तिच्या विषाने जीव जाणे फार विरळा. जीव घेतो तो हा किरकोळ दिसणारा. प्राणिशास्त्रातले त्याचे आजचे नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या वैद्यकीय लेखांत तो मेसोब्युथस किंवा नुसता ब्युथस म्हणून भेटतो, त्यामुळे या विषयाचे वाङ्मय धुंडाळणाऱ्याने तिन्ही नावे ध्यानात ठेवलेली बरी.

कोकणात त्याला जागेची वाण नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यातल्या फटी, लाकूडफाट्याची रास, गोवऱ्यांचा ढीग, दाराबाहेर काढून ठेवलेली वहाण. पावसाच्या आधीच्या उकाड्यात दंशाचे रुग्ण वाढतात, आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत. विंचू दिवसा दगडाखाली दडतो आणि रात्री भक्ष्याला बाहेर पडतो, म्हणून दंश बहुधा दिवेलागणीनंतरचा. तोवर वाडीवरून तालुक्याला जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली असते. विंचू उतरवणाऱ्याकडे धाव घेण्यामागे अंधश्रद्धा आहेच, पण त्या शेवटच्या गाडीचाही वाटा आहे. शिवाय मांत्रिकाला यश येते हेही नाकारता येत नाही. पुष्कळ दंशांत विष थोडेच शिरते, वेदनेपलीकडे काही होत नाही आणि रुग्ण आपोआप बरा होतो. उपचार न घेताही किती जण बरे झाले असते, हे ठाऊक नसेल तर मांत्रिक आणि डॉक्टर दोघांचेही यश सारखेच संशयास्पद ठरते. ही अडचण पुढे औषधांच्या बाबतीतही आडवी येते.

विषातली छोटी प्रथिने चेतापेशींच्या पटलावरील सोडियमच्या वाटा वेळेवर मिटू देत नाहीत. त्यामुळे चेतातंतूंची टोके संदेश सोडतच राहतात आणि स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठते. आधी उलट्या, लाळ, दरदरून घाम, मुलग्यांत आणि पुरुषांत शिश्नाची ताठरता. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडातही अंगाला सुटलेला घाम आहे. रूपक अध्यात्माचे असले तरी निरीक्षण अस्सल आहे. त्यापाठोपाठ अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांचा लोंढा येतो. अंगभरच्या धमन्या आकसतात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते. आकसलेल्या धमन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा थकतो, रक्त फुप्फुसांत तुंबते आणि खोकल्यातून गुलाबी फेस येतो. फुप्फुसांत पाणी भरण्याची ही गोष्ट १९६१ मध्ये मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवली होती. इस्रायलमध्ये मोशे ग्वेरॉन यांनी तिथल्या विंचवांच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांचा दीर्घकाळ अभ्यास केला. रोग कळला होता. त्याला थोपवायचे कसे, हे कळले नव्हते.

उपचारांची त्या काळची यादी लांबलचक होती आणि तिच्यातल्या कित्येक गोष्टी निरुपयोगी, तर काही घातक होत्या. घाम आणि लाळ पाहून अॅट्रोपीन दिले जाई. ते वादळाची एक बाजू दाबते, पण दुसऱ्या बाजूला, म्हणजे धावणाऱ्या नाडीला आणि चढलेल्या रक्तदाबाला, आणखी जोर देते. स्टेरॉइड सवयीने टोचले जाई. वेदनाशामक आणि गुंगीच्या औषधांचे मिश्रण देऊन रुग्णाला निपचित पाडले जाई. उलट्या आणि घामाने अंगातले पाणी गेले म्हणून सलाइनच्या बाटल्या चढवल्या जात, आणि थकलेल्या हृदयावर तो भार पडला की फुप्फुसे अधिकच भरत. इन्शुलिनचाही पुरस्कार झाला. दवाखान्यात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी तिसरा हिस्सा दगावल्याचे त्या काळचे अहवाल सांगतात.

या पार्श्वभूमीवर १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे अतिदक्षता विभाग नव्हता. रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप आणि कागद एवढे साहित्य होते. विंचूदंशाच्या रुग्णाजवळ बसून दर थोड्या वेळाने नाडी, दाब, श्वास, घाम आणि हातापायांची ऊब टिपत राहणे हे त्यांचे संशोधन. या नोंदींतून क्रम उलगडला. फुप्फुसांत पाणी भरण्याच्या आधी काही तास उलट्या, घाम, शिश्नाची ताठरता आणि थंड हातपाय ही चिन्हे येऊन जातात. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने ही पूर्वसूचक लक्षणे छापली. आज ती पाठ्यपुस्तकात एका ओळीत मिळतात. पण ज्या डॉक्टरपुढे घामाघूम झालेले पोर आणि काळजीने काळवंडलेली आई बसलेली असे, त्याला त्या ओळीने उपचारासाठी काही तास मिळवून दिले, आणि पुढचे सगळे याच तासांवर उभे आहे.

निदान आजही लक्षणांवरच होते. दंश ओळखणारी रक्तचाचणी खेड्यातल्या खाटेशी उपलब्ध नाही. अंधारात विंचू दिसलेला नसतो, डंखाच्या जागी खूण उमटेलच असे नाही, सूजही किरकोळ असते. डंखाच्या जागेवर अचानक हलकी टिचकी मारली की रुग्ण झटक्याने अंग मागे घेतो, ही एक कामाची खूण. बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत रात्री अचानक किंकाळी, मग उलटी, घाम आणि गार पावले एवढा पुरावा कोकणात पुरेसा मानावा. तीव्रतेच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिलीत फक्त स्थानिक वेदना, दुसरीत स्वायत्त वादळ, तिसरीत फुप्फुसांत पाणी, चौथीत रक्तदाब कोसळलेला, नाडी वेगवान आणि हातपाय उलट गरम. चौथ्या पायरीवरचे गरम हातपाय पाहून रुग्ण सुधारला असे समजण्याची चूक नवख्या डॉक्टरकडून होऊ शकते. हाताला ऊब आणि दाब खाली, हे दोन्ही एकत्र दिसले की हृदयाला डोब्युटामिनसारख्या औषधाचा आधार लागतो.

धमन्या आकसल्यामुळे हृदय थकत असेल, तर त्या आकसवणारा हुकूमच अडवावा, हा विचार साधा होता. प्राझोसिन हे औषध धमन्यांच्या भिंतींवरील अल्फा-१ ग्राहकांना अडवते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ते आधीच बाजारात होते, गोळीच्या रूपात आणि स्वस्तात. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा विंचूदंशातल्या प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी, अशी मात्रा पुढे रूढ झाली. पहिल्या मात्रेने दाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवायचे, मुलांना कडेवर उचलून फिरवायचे नाही. मृत्यूचे प्रमाण शंभरात एखाद्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

मांत्रिकाच्या यशाला लावलेली कसोटी इथेही लावावी लागते. प्राझोसिनची गोळी आणि नुसती साखरेची गोळी अशी तुलना गंभीर रुग्णांत झालेली नाही. पुरावा आहे तो आधीच्या आणि नंतरच्या मृत्यूंच्या तुलनेचा. मधल्या काळात रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, घातक उपचार बंद झाले. त्या सगळ्यांचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे नेमके सांगता येत नाही. तरीही तिसऱ्या हिश्श्यावरून शंभरात एकावर आलेली घट एवढी मोठी आहे, आणि औषधाची क्रिया रोगाच्या क्रियेशी इतकी नेमकी जुळते, की साखरेची गोळी देऊन खात्री करून घेणे अनैतिकच ठरले असते.

प्राझोसिन विषाचे परिणाम अडवते, विष मात्र अंगात तसेच राहते. ते निष्प्रभ करायचे तर प्रतिविष हवे, आणि त्याच्या उपयोगाबद्दल जगभर मतभेद होते. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेली यादृच्छिक चाचणी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. तिच्यात प्रतिविष सरसकट देण्याचा काहीही फायदा दिसला नाही. दहा वर्षांनी अॅरिझोनात चाचणी झाली ती अवघ्या १५ मुलांवर. प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत बरी झाली, दुसऱ्या गटातल्या सातांपैकी एकच. एक चाचणी प्रचंड आणि निष्फळ, दुसरी इवलीशी आणि ठसठशीत. यातली एक खोटी असे मानण्याचे कारण नाही. विंचू वेगळे, विष वेगळे, प्रतिविष वेगळे, आणि ट्युनिशियात तर सौम्य दंशाचे रुग्णही मोजणीत होते. जे आपोआप बरे होणारच, त्यांच्या गर्दीत औषधाचा गुण दिसत नाही.

महाडच्या चाचणीत नेमके हेच टाळले होते. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या या अभ्यासात दुसऱ्या पायरीवरचेच ७० रुग्ण घेतले. निम्म्यांना प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लाल विंचवाच्याच विषाविरुद्धचे प्रतिविष. दहा तासांनी पहिल्या गटातले ३५ पैकी ८ जण लक्षणमुक्त होते, दुसऱ्या गटातले ३२. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये मुलांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीनेही २०१४ मध्ये त्याच दिशेचा निष्कर्ष दिला. महाडच्या चाचणीचे दोष मात्र झाकू नयेत. कोणाला काय दिले ते डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. फुप्फुसांत आधीच पाणी भरलेले रुग्ण चाचणीत नव्हते, म्हणून उशिरा आलेल्यांना प्रतिविष किती तारते, याचे उत्तर तिच्यातून निघत नाही. शिवाय जे मोजले ते बरे होण्याचा वेग. मृत्यूतला फरक दाखवायला ७० रुग्ण पुरत नाहीत, आणि प्राझोसिनमुळे मृत्यू इतके कमी झालेले असताना तसा फरक दाखवण्यासाठी हजारो रुग्ण लागतील. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनलेल्या औषधाची रिअॅक्शन येऊ शकते, हेही विसरता येत नाही. तेव्हा आजचा निवाडा असा : दुसऱ्या पायरीचा रुग्ण वेळेत आला आणि प्रतिविष हाताशी असले तर दोन्ही द्यावीत, नसले तर प्राझोसिनची गोळी एक मिनिटही लांबवू नये.

लक्षण मोजता येईल असे करणे आणि मग त्यावर उपचाराची चाचणी घेणे, ही वाट महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी चोखाळली गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने मुलांच्या न्यूमोनियाचे निदान निरक्षर सुईणींच्या हाती दिले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि श्वास मोजायचे मणी एवढ्या साधनावर. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गासाठी गावातल्या आरोग्यदूताने पाहण्याजोग्या ठरावीक चिन्हांची यादी केली, आणि एकाच वेळी त्यातली दोन दिसली की जेंटामायसिनचे इंजेक्शन. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधील अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. संसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आले. इथे तुलनेला गावे होती, म्हणून घट कशामुळे हा वाद महाडपेक्षा लवकर मिटला. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांची घरोघरी काळजी हा केंद्र सरकारचा कार्यक्रम झाला.

विंचूदंशात आता टूडी इकोने हृदयाचे आकुंचन दिसते, ट्रोपोनिनने स्नायूंची इजा मोजता येते. इकोमुळे एक दिलासा देणारी गोष्ट कळली : विषाने थकलेले हृदय बहुतेकांत काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ववत होते. पण पहिल्या तासात, जिथे रुग्ण प्रथम पोचतो तिथे, तळहाताने तळपाय चाचपणे याला अजून पर्याय नाही.

काही प्रश्न उरले आहेत. प्रतिविष तिसऱ्या पायरीवर द्यावे का, आणि डंखानंतर किती तासांपर्यंत? लहान मुलांना तेवढीच मात्रा पुरते का? यांची उत्तरे मोठ्या शहरातल्या रुग्णालयांतून येणार नाहीत, कारण तिथे हे रुग्ण पोचतच नाहीत. ती येतील ग्रामीण रुग्णालयांच्या केसपेपरवरून, आणि आजचे केसपेपर त्या कामाचे नाहीत : दंशाची तारीख असते, वेळ नसते. डंख किती वाजता, घाम किती वाजता, हातपाय गार कधी, पहिली गोळी कधी, आणि पाय पुन्हा ऊबदार कधी, या पाच वेळा येत्या उन्हाळ्यापासून प्रत्येक सदस्याने आपल्या केसपेपरवर लिहाव्यात, अशी या परिषदेची विनंती आहे.