रुमालाखालचा भाव



नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की लोह्याच्या पुढे माळेगाव येतं. एरवी झोपेत असलेला प्रवासी इथे जागा होईलच असं नाही. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराला जत्रेला आलात, तर गाव शोधावं लागतं. रानोमाळ पालं, धूळ आणि त्या धुळीत मिसळलेला भंडारा.

कंधारला किल्ला आहे, औशाला आहे, उदगीरलाही आहे. माळेगावला खंडोबाचं देऊळ आणि भोवती माळ. तरी वारशाचं नाव निघालं की मला आधी हा माळ आठवतो.

'येळकोट येळकोट' हा गजर आपण मराठी समजून करतो. कन्नडमध्ये 'एळु' म्हणजे सात; सात कोटींशी या शब्दाचा संबंध जोडतात. तेलंगणात हाच देव मल्लण्णा, बिदरकडे मैलार मल्लण्णा. आमच्या सीमेवरच्या देवाला तीन भाषा येतात, भक्ताला दोन तरी याव्या लागतात. पालख्या येतात, तळी उचलली जाते. दिमडी, तुणतुणं, घोळ घेऊन वाघ्या-मुरळी रात्र जागवतात. लेकरं देवाला सोडायची चाल कायद्याने मोडावी लागली, ते चांगलंच झालं. गाणं राहिलं, तेही चांगलं झालं.

मात्र मी लहानपणी जायचो तो बाजारासाठी. अहमदपूरकडच्या आमच्या खेड्यातून आजोबा बैलगाडी जुंपायचे. घोड्यांच्या बाजारात पंचकल्याणी घोड्यापाशी माझे पाय खिळायचे. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. पलीकडे गाढवांचा बाजार. शहरी पाहुण्याला त्याचं हसू येतं, पण वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्याचं घर त्या गाढवावर चालतं.

आजोबा थेट बैलांकडे. "दात बघ आधी, रंग मागून," म्हणायचे. दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, ही वयाची बाराखडी मी शाळेतल्या बाराखडीबरोबरच शिकलो. लाल कंधारी हे नांदेडकडचं काटक, लाल जनावर. देवणी लातूरकडची, दुधालाही आणि औतालाही. देवणीत पुन्हा तीन वाण. पांढऱ्या अंगाचा, काळपट तोंडाचा वान्नेरा, काळ्या ठिपक्यांचा शेवेरा, आणि बालंक्या. ही जनावरं आज जातिवंत म्हणून नोंदली गेली आहेत. ती तशी राखली कुणी? वळू पाहून गाय दाखवणाऱ्या आणि कालवड विकताना हात आखडणाऱ्या शेतकऱ्यांनी. त्यांची परीक्षा दरवर्षी या माळावर व्हायची.

याच माळावर घिसाडी, वैदू, मसणजोगी अशा फिरस्त्या लोकांच्या जातपंचायती बसत. वर्षभर पांगलेली माणसं इथे भेटत, सोयरिकी जुळत. पण दंड आणि वाळीत टाकणंही इथेच होई. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६चा, त्याआधी किती जणींनी खाली मान घालून निवाडे ऐकले असतील. जुनं म्हणून सगळंच जपायचं नसतं.

आता शेतात ट्रॅक्टर आला. २०१५ साली लागू झालेल्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकणंही अवघड झालं, मग नवा घेताना हात थबकतो. लम्पीच्या साथीत, २०२२ साली, राज्यात जनावरांचे बाजार बंद होते. जत्रेतल्या लावणीच्या मंडपात गर्दी मावत नाही, आणि लावणी मलाही आवडते. पण बैलांच्या रांगा आखूड होताना पाहून जीव थोडा होतो.

सौदा कसा व्हायचा, ते सांगायचं राहिलं. हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी, आणि गिऱ्हाईक हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचे. भाव बोटांनी बोलायचा. चार बोटं दाबली की चार; शेकडे की हजार, ते दोघांनाच ठाऊक. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा कुणाच्या कानावर पडत नसे. मान हलायची, हात सुटायचे, पुन्हा धरले जायचे.

एका वर्षी एका शेवेऱ्या गोऱ्ह्यासाठी आजोबांचा हात रुमालाखाली बराच वेळ राहिला. मी खालून वाकून पाहायचा प्रयत्न केला, तेव्हा पाठीत धपाटा बसला. सौदा मोडला. परतताना गाडीत मी विचारलं, किती बोटं होती? आजोबांनी कासरा सैल सोडला आणि म्हणाले, "तुझा हात मोठा झाला की दाखवतो." हात मोठा झाला तोवर आमच्या गोठ्यात बैल नव्हते.