बंद खाणीची जमीन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्य, मुलांचे संगोपन, बचत असे विषय व्हावेत असा आपला प्रघात आहे. मी दगडी कोळशाच्या खाणींवर बोलणार असे चिटणीसबाईंनी जाहीर केले तेव्हा पुष्कळजणींनी एकमेकींकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. तुमचे चुकले असे नव्हे. भूम तालुक्यात कोळसा औषधालाही सापडायचा नाही. आपली जमीन काळ्या पाषाणाची. खणावे तर मुरूम, त्याखाली दगड, आणि नशीब असेल तर पाणी. पण आपल्या घरांत दिवा लागतो तो परळीला, चंद्रपूरला कोळसा जळतो म्हणून, आणि तो कोळसा कोणाच्या तरी शेताखालून निघालेला असतो. कोळसा संपल्यावर त्या शेताचे काय होते, हे मी स्वतः पाहून आले. म्हणून हा विषय घेतला.

माझी धाकटी बहीण चंद्रपूर जिल्ह्यात दिली आहे. तिच्या सासरची नऊ एकर काळी जमीन खाणीत गेली. मोबदला मिळाला, तिच्या नवऱ्याला खाणीवर नोकरी मिळाली, आणि पंचवीस वर्षे घर चांगले चालले. हे मी आधीच सांगते, नाहीतर खाण म्हणजे केवळ अन्याय असा तुमचा समज व्हायचा. पुढे खाण बंद पडली, मेहुणे निवृत्त झाले. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा बहीण मला गावाबाहेर घेऊन गेली. समोर मोठा खड्डा, त्यात हिरवट पाणी, कडा भिंतीसारख्या उभ्या. पलीकडे मातीचे डोंगर, त्यांवर वेडी बाभूळ. बहीण म्हणाली, "अक्का, आमची विहीर त्या पाण्याच्या मधोमध होती बघ." दुसरे काही बोलली नाही. परत येताना तिने बाजाराची जागा दाखविली. पूर्वी पगाराच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे, असे ती सांगत होती. आम्ही गेलो तेव्हा चार भाजीवाल्या बसल्या होत्या. खाणीच्या वसाहतीतली निम्मी घरे कुलपात होती. गावातली पोरे पुण्याकडे गेलेली.

ही झाली वरून खणलेल्या उघड्या खाणीची गोष्ट. जमिनीखालच्या खाणीचे दुखणे निराळे, आणि ते आत लपून राहते. आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवीत. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, रिकामे पेव विसरले गेले की एखाद्या पावसाळ्यात वरून जाणाऱ्या गाडीचे चाक खचत असे. खाणीत कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच खांब ठेवतात, त्यांवर वरची जमीन तोललेली असते. पुढे ते खांबही काढले, किंवा ते झिजले, आणि पोकळीत वाळू भरली नाही, तर ते शेताएवढे पेव होते. 26 ऑगस्ट 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस गावी, आमराई वॉर्डात, एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गेले, ते साठ-सत्तर फूट खोल. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूची घरे रिकामी करावी लागली. खाण बंद होऊन किती वर्षे लोटली हे जमीन मोजीत बसत नाही.

मग कायदा काय म्हणतो? मी वकील नाही, पण बहिणीकडून आल्यापासून जे मिळेल ते वाचीत आहे. कोळशासाठी जमीन घेण्याचा मुख्य कायदा 1957 सालचा. त्या कायद्याने घेतलेली जमीन पुढे सरकारी कंपनीच्या मालकीची होते. कोळसा काढून झाला की ती मूळ मालकाला परत द्यावी, अशी तरतूद मला त्यात दिसली नाही. 1973 साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जुन्या खाजगी मालकांनी टाकलेले खड्डेही सरकारच्या पदरी आले. खाण बंद करताना जमीन नीट करण्याचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा, हा विचार यायला मात्र 2009 साल उजाडले. त्या साली नियम झाला की उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये, या हिशेबाने कंपनीने वेगळ्या बंदिस्त खात्यात भरणा करावा. त्याला एस्क्रो खाते म्हणतात. मुलीच्या लग्नासाठी आपण पैसे वेगळे ठेवतो आणि घरात कितीही नड आली तरी त्यांना हात लावीत नाही, तसेच हे खाते. नियम चांगला आहे. पण 2009 पूर्वी जी खाण टाकून दिली गेली, तिच्यासाठी कोणी खाते उघडले होते? तिच्याकडे ना उत्पन्न, ना मालक विचारायला येणारा. अशा खाणींसाठी 2022 साली सरकारने सूचना काढल्या. 2025 साली नव्या नियमांत गावकऱ्यांच्या उपजीविकेचाही विचार आला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत कोळसा मंत्रालयाने खाण बंद होताना गावाला विश्वासात कसे घ्यावे याची एक मार्गदर्शक चौकट जाहीर केली. हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही सूचना ती सूचना. सूचनेच्या जोरावर माझी बहीण कोणाच्या दारात उभी राहून "हे माझे आहे, द्या" असे म्हणू शकेल, असे मला वाटत नाही.

सूचना आणि कायदा यांतला फरक आपल्या भूमच्या बायकांना कोणी शिकवायला नको. 1972 च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. मी लहान होते. आईबरोबर जायचे ते सुकडीच्या आशेने. घरात अमेरिकेची लाल मिलो होती, तिची भाकर घशाखाली उतरत नसे. त्या कामांना तेव्हा योजना म्हणत. काम निघाले तर निघाले, नाहीतर मुकादमाची मर्जी. वि. स. पागे यांनी जो आग्रह धरला त्यातून 1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. योजनेचा कायदा झाला तेव्हा आईसारख्या बायका काम 'मागू' लागल्या. आणि पैसा कोठून आला? शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला होता, त्यातून. मुंबईचा कारकून महिन्याला थोडे पैसे देत होता आणि आपल्या माळावर बांध पडत होता, पाझर तलाव होत होता. जमीनही सुधारली आणि हाताला कामही मिळाले. बंद खाणीच्या गावाला याहून वेगळे काय हवे आहे?

योगायोग पाहा. त्याच 1977 साली, 3 ऑगस्टला, अमेरिकेत कोळशाच्या खाणींचा मोठा कायदा झाला. त्यात असे ठरले की आज जो कोळसा काढतो त्याने टनामागे ठराविक पैसे द्यायचे, उघड्या खाणीतून काढला तर 35 सेंट आणि भूमिगत खाणीतून 15, आणि तो पैसा त्या कायद्यापूर्वी टाकून दिलेल्या खाणींच्या जमिनी नीट करण्यास वापरायचा. म्हणजे धाकट्याच्या कमाईतून थोरल्याचे कर्ज फेडायचे. पुढे कोळसाच कमी निघू लागला तसा तो पैसाही अपुरा पडू लागला. शेवटी 2021 साली तिथल्या सरकारला आणखी सुमारे अकराशे तीस कोटी डॉलर द्यावे लागले. दुसरे असे की नुसते खड्डे बुजवून गाव जगत नाही, हे तिथे उशिरा कळले. सुधारलेल्या जमिनीवर उद्योग, शेती उभी राहावी म्हणून निधीतून शंभर कोटी डॉलर द्यावेत असे विधेयक 2016 पासून पुन्हा पुन्हा मांडले गेले. तेवढ्यात कित्येक गावे ओस पडली.

विलायतेतली एक हकीकत सांगते. ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. वेल्समध्ये अ‍ॅबरफान नावाचे खाणवाल्यांचे गाव आहे. गावामागच्या डोंगरावर खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग रचलेले होते. 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना, त्यातला एक ढीग घसरून खाली आला. 144 माणसे गेली, त्यांत 116 मुले होती. जगभरातून लोकांनी त्या आयांसाठी पैसे पाठविले. उरलेले ढीग हलवा असा टाहो त्यांनी फोडला, तेव्हा त्या कामासाठी सरकारने त्याच मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले! ही रक्कम परत मिळाली ती 1997 साली. अशा ढिगांबद्दलचा कायदा 1969 साली झाला, आणि टाकून दिलेल्या जुन्या ढिगांवर देखरेख ठेवण्यासाठी वेल्सच्या विधिमंडळाने नवा कायदा केला तो 2025 साली. खर्च कोणी करायचा हे आधी लिहून ठेवले नाही तर तो शेवटी ज्याचे घर पडले त्याच्याच अंगावर येतो.

आता कोणी म्हणेल, आपल्या गरीब देशाला हे परवडायचे कसे? मला याचे हसू येते. टनामागे पैसे घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. 1939 साली, इंग्रजांच्या राज्यात, खाणीतल्या पोकळ्यांत वाळू भरण्यासाठी कोळशावर कर बसविणारा कायदा झाला होता. अगदी अलीकडे, 2010 साली, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने कोळशावर टनामागे पन्नास रुपये उपकर बसला. तो वाढत वाढत 2016 साली चारशेवर गेला. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा ते चारशे रुपये राज्यांची महसुलाची तूट भरून काढण्याकडे वळले, आणि 2025 च्या सप्टेंबरात तो उपकरच संपला. पैसा होता, भगिनींनो. टनाटनाला चारशे रुपये होता. तो बहिणीच्या गावच्या खड्ड्यापर्यंत आला नाही, कारण त्याने तिथे यावे असे कायद्यात कोठे लिहिलेले नव्हते.

एक निधी मात्र अजून हाताशी आहे. 2015 साली खाणकायद्यात दुरुस्ती होऊन खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणवाल्याने सरकारला जे स्वामित्वधन द्यायचे, त्याच्या वर जुन्या खाणपट्ट्यांवर तीस टक्के व नव्यांवर दहा टक्के एवढी रक्कम या प्रतिष्ठानात येते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, स्त्रिया व मुले यांवर ती आधी खर्च व्हावी असा नियम आहे. बहिणीच्या गावातल्या बायकांना मी विचारले, तर निम्म्याजणींनी हे नावही ऐकले नव्हते. ग्रामसभेला जाता का, म्हटले. "पुरुष जातात," म्हणाल्या. त्यांना काय बोलायचे? आपणही फार निराळ्या आहोत असे नाही.

खाणीत स्त्रीचा वाटा नव्हता असे मात्र नव्हे. पूर्वी बायका खाणीत उतरून टोपल्या वाहत. पुढे त्यांच्या जिवाला धोका म्हणून भूमिगत काम बंद केले. युद्धाच्या काळात गरज पडली तेव्हा पुन्हा उतरविले आणि गरज सरल्यावर पुन्हा बंद केले. 1952 च्या कायद्याने ती बंदी कायम केली, ती 2019 साली सैल झाली. बहिणीच्या घरी जमिनीच्या बदल्यात नोकरी आली ती पुरुषाला, मोबदला जमा झाला तो पुरुषाच्या नावावर, कारण सातबाऱ्यावर सासूबाईंचे नाव नव्हते. नऊ एकरांची खुरपणी, कापणी मात्र त्यांनीच केली होती. उद्या त्या जमिनी पुन्हा लावायच्या ठरल्या तर कागदावर बाईचे नाव आधी घाला, एवढे मी त्या गावात बोलून आले. काही पुरुष हसले.

जमीन पुन्हा लागू शकते काय? शकते. खणतानाच वरची काळी माती वेगळी ठेवावी लागते, खोलातला दगड-मुरूम आधी खड्ड्यात भरून ती वर पसरावी लागते, उतार सावकाश करावा लागतो, मग गवत, शेंगवर्गीय झाडे, बांबू. तलावातला गाळ मुरमाड रानात पसरून आपण ज्वारी काढतो, तीच ही विद्या. नागपूर जिल्ह्यात सावनेरला खाणीच्या जमिनीवर बगीचा केला आहे आणि 2016 पासून तिथे लोक खाण पाहायला जातात. विदर्भातल्या काही खाणींतले पाणी उपसून शेतीला व पिण्यासाठी देतात; काही ठिकाणी काढून टाकलेल्या मातीतून वाळू वेगळी करून घरबांधणीला वापरतात. बगीच्यात फिरायला जाणे छान आहे. पण ज्याची नऊ एकरे गेली त्याला बगीच्याचे तिकीट नको, रान हवे. निदान त्या पाण्यात मासळीचा, त्या ढिगावर बांबूचा हक्क हवा. 2022 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने खणून झालेल्या जमिनींच्या वापराचे धोरण ठरविले, त्यातही मालकी सरकारी कंपनीकडेच ठेवली आणि जमीन भाड्याने द्यायची ती मुख्यत्वे वीज, कोळसा अशा उद्योगांना. गावच्या बायकांच्या गटाला ती का मिळू नये, याचे उत्तर मला कोठे वाचायला मिळाले नाही.

बहिणीच्या गावच्या महिला मंडळाने जिल्हाधिकाऱ्यांना एक अर्ज लिहिला आहे. खड्ड्याला कुंपण घाला, खनिज प्रतिष्ठानाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि जमीन सुधारण्याचे काम गावातल्याच बायका-पुरुषांना द्या, अशा तीन मागण्या त्यात आहेत. आपल्या आमदार-खासदारांना द्यायचे दुसरे पत्र मी लिहून आणले आहे. 2009 पूर्वीच्या खाणींसाठी टनामागे निधी कायद्याने ठरवावा, एवढेच त्यात मागितले आहे. कागद तिळगुळाच्या डब्याशेजारी ठेवला आहे. ज्यांना पटले असेल त्यांनी हळदीकुंकवानंतर सही करावी. सही येत नसेल तर लाजू नये. माझ्या आईने हजेरीपटावर सात वर्षे अंगठाच लावला होता, आणि मजुरी तिला मिळत होती.