वराहाच्या गावी आपले स्वागत

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, इंदूर-ग्वाल्हेरहून आणि आमच्या जबलपूर शहरातून आलेले प्राध्यापक, अभियंते, कारखान्यांतील अधिकारी, संशोधक विद्यार्थी, आणि माझ्या मझौलीकर बंधुभगिनींनो,

ऑपरेशन्स रिसर्चचा उद्योगधंद्यांतील वापर, या विषयाची परिषद मझौलीसारख्या तहसिलीच्या गावी भरवायची असे आपण ठरवलेत, तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. स्वागताध्यक्षपदाचा मान गावाने माझ्या पदरात टाकला. मी शेतकरी आहे, थोडा गल्ल्याचा व्यापारही करतो. आमच्या अंगणात आपले पाय लागले याचा आनंद शब्दांत मावणार नाही. तरी स्वागताध्यक्षाने बोलावे लागते, म्हणून बोलतो.

आपल्यापैकी बरेच जण काल रात्री सिहोरा रोड स्टेशनवर उतरून इथे आलात. अंधारात आपल्याला काही दिसले नसेल, म्हणून सांगतो. आमची हिरन नदी कुंडमच्या बाजूने उगम पावून या मुलखातून वळणे घेत नर्मदेला मिळते. शेजारच्या कटंगीपाशी कैमूरची डोंगररांग सुरू होते, ती थेट बिहारात सासारामपर्यंत जाते. उत्तरेला बहोरीबंदजवळ रूपनाथला सम्राट अशोकाचा शिलालेख आहे, तिगवाला गुप्तकाळातले देऊळ आहे. हा सगळा भाग 1998 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. आता तो कटनी जिल्ह्यात गेला. जिल्हा बदलला तरी आमची सोयरीक तिथलीच आहे.

आणि मझौलीत आहे विष्णुवराह. उद्या सकाळी चहा झाला की आपण सर्वांनी त्याचे दर्शन घ्यावे, ही माझी पहिली विनंती. वराहाच्या मूर्ती आपण पाहिल्या असतील, पण बहुतेक ठिकाणी धड माणसाचे आणि मुख वराहाचे असते. आमचा वराह पूर्ण पशुरूपात आहे, चार पायांवर उभा. त्याच्या अंगावर, पाठीपासून पोटापर्यंत, ओळीवर ओळ लहान लहान देवदेवता कोरल्या आहेत. पुजाऱ्यांनी दिवा वर धरला की एकेक ओळ उजळत जाते. मी लहानपणी आजीचे बोट धरून ते देव मोजायला बसायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. कलचुरींच्या काळातले, अकराव्या शतकातले हे काम. मूळ देऊळ कधीतरी पडले. आजचे देऊळ पुढे जुनेच दगड घेऊन उभारले गेले. मूर्ती तळ्यात कोळ्याच्या जाळ्याला लागली, अशी गावात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कथा आहे. इतिहासकार ती मानोत न मानोत, आमच्याकडच्या ढीमर मंडळींचा देवळातला मान त्या कथेवर उभा आहे, आणि तो मान गाव आजही राखते. पुण्यामुंबईच्या मंडळींनी खजुराहो पाहिलेले असते, भेडाघाटची चौसष्ट योगिनी पाहिलेली असते. मझौली मात्र वाटेतही लागत नाही. या परिषदेच्या निमित्ताने दोन-अडीचशे जाणकार डोळे या मूर्तीवरून फिरतील, एवढ्यानेच माझ्यासारख्याचे मन भरून येते.

मूर्तीबरोबर एका माणसाची आठवण काढल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. रायबहादूर हीरालाल. जन्म 1867 चा, कटनी-मुडवाऱ्याचा. निधन 1934 साली. साध्या घरातला मुलगा, शिक्षण खात्यात नोकरीला लागला आणि पुढे सरकारी सेवेत मोठ्या हुद्द्यापर्यंत चढला. रसेल साहेबाबरोबर मध्य प्रांताच्या जातीजमातींवर त्यांनी लिहिलेले चार खंड 1916 साली निघाले. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील शिलालेखांची सूची त्यांनी छापली. कुठल्या गावात, कुठल्या देवळाच्या कुठल्या दगडावर काय लिहिले आहे, हे त्यांनी नोंदवून ठेवले. शिवाय सामान्य वाचकासाठी हिंदीत जिल्ह्याजिल्ह्याची पुस्तके लिहिली: ‘दमोह दीपक’, ‘सागर सरोज’, ‘मंडला मयूख’, आणि आमच्यासाठी ‘जबलपूर ज्योति’. आज त्यांचे नाव संशोधकांच्या तळटीपांत तेवढे उरले आहे. शाळेतल्या मुलांना विचारले तर ओळखत नाहीत, याची मला फार खंत वाटते. आपल्या शास्त्रात गणित मागाहून येते. आधी काय कुठे आहे आणि किती आहे याची यादी लागते, असे आपल्यातल्याच एका प्राध्यापकांनी मला सांगितले. तसे असेल तर यादी करणाऱ्या या माणसाला आपल्या परिषदेत नमस्कार करणे मला योग्यच वाटते.

हीरालालांच्या पाठोपाठ कलचुरींचा इतिहास ज्यांनी उभा केला ते मात्र आपल्या मराठी मातीतले: महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. कोकणात जन्मलेले, नागपुरात रुजलेले. कलचुरी-चेदी संवताच्या शिलालेखांचा त्यांचा ग्रंथ 1955 साली दोन भागांत आला. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, नागपूर आणि जबलपूर वेगळ्या राज्यांत गेले. तोवर आपला प्रांत एक होता आणि राजधानी नागपूर होती. त्याही आधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे 1817 पर्यंत होता. त्या काळी आलेल्या आणि इथेच राहिलेल्या घरांपैकी एक माझे. बाजारात आम्ही हिंदी-बुंदेली बोलतो, घरात मराठी. म्हणून आज या मांडवात मराठीतून विज्ञान ऐकू येते आहे, याचे अप्रूप आपल्यापेक्षा आम्हाला जास्त.

आता आपल्या विषयाकडे वळतो.

जबलपूर जिल्ह्याला उद्योग नवा नाही. शहरात 1904 पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे, पुढे वाहनांचा कारखाना आला; रेल्वेने मुंबई आणि कलकत्ता 1870 साली जोडले गेले ते जबलपुरातच. पण मझौलीचा उद्योग म्हणजे शेतमाल, आणि त्यात मटार. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत जबलपूर जिल्ह्याच्या नावापुढे मटारच लिहिलेला आहे. पाटण, शहपुरा, सिहोरा, मझौली या सगळ्या पट्ट्यात हिवाळ्यात हिरवेगार होते. शेंग तोडली की घड्याळ सुरू होते. पोत्यात दाबून भरलेला मटार तापतो. तापला की शेंग पिवळी पडते आणि व्यापारी पोत्यात हात घालून ती ऊब बघूनच भाव पाडतो. गाडी मंडीच्या फाटकाबाहेर रांगेत उभी राहिली तर सकाळचा माल संध्याकाळी निम्म्या मोलाचा होतो. पीक चांगले येऊनही घरात पैसा येत नाही, तो इथे गळतो. शेतकऱ्याचे कष्ट फाटकाबाहेर रांगेत वाया जाताना मी पाहिले आहेत, आणि तेच आपल्यापुढे मांडावे म्हणून ही परिषद आमच्या गावात व्हावी असा मी हट्ट धरला.

कुठून किती माल कुठे न्यावा, या प्रश्नाचे गणित जुने आहे. रशियात कांतोरोविचने 1939 मध्ये प्लायवुडच्या कारखान्यासाठी ते मांडले. अमेरिकेत डँट्झिगने 1947 मध्ये सिंप्लेक्स पद्धत दिली. आणि 1984 साली आपल्या नरेंद्र करमरकरांनी बेल लॅबमध्ये बसून नवी वाट काढली. हे नाव घेताना माझा ऊर भरून येतो, कारण करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरचा, म्हणजे आमच्याच मध्य प्रदेशातल्या मराठी घरातला. शिक्षण मुंबईच्या आयआयटीत, मग अमेरिकेत. सिंप्लेक्स शेताच्या बांधाबांधाने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. करमरकरांची पद्धत थेट शेतातून आडवी जाते. कोपरे लाखांनी असले की बांधाने जाणाऱ्याला कधी कधी फार फिरावे लागते, मधून जाणाऱ्याच्या पावलांना मात्र आधीच ठरलेली मर्यादा असते. एवढे मला कळले, आणि शेतकऱ्याला एवढे कळणे पुरेसे आहे.

आपल्या देशात हे गणित धान्याला लागलेही आहे. रेशनचे धान्य कुठल्या गोदामातून कुठल्या दुकानाला कुठल्या रस्त्याने न्यावे, हे ठरवणारी ‘अन्नचक्र’ ही व्यवस्था केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये सुरू केली. आयआयटी दिल्ली आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी ती घडवली. वर्षाला सुमारे 250 कोटी रुपये वाचतील असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे तर आपण सर्व जाणताच. ऊस तोडून पडला की उतारा घटतो, म्हणून शेतकी खाते लागवडीच्या नोंदी बघून तोडणीचा कार्यक्रम लावते, टोळ्या आणि गाड्या वाटून देते.

पण मटाराला शेतकी खाते नाही, आणि आमची खरी अडचण इथे आहे. उसाला एक कारखाना, एक कार्यक्रम. रेशनला एक सरकार. मटाराचे मालक हजारो, आणि प्रत्येक जण कालचा भाव ऐकून आज तोडतो. भाव चढला की सगळे एकदम तोडतात, आणि परवा मंडीत गाड्यांना जागा नसते. आपण मोबाइलवर सर्वांना सांगितलेत की आज अमक्या मंडीत जा, तर सगळे तिथेच जातील आणि ते उत्तर तासाभरात चुकीचे ठरेल. प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागेल, तेही असे की ज्याला थांबायला सांगितले त्याचे नुकसान होऊ नये, आणि तो ते विश्वासाने ऐकेल. यावर आपण इथे तीन दिवस डोके लावावे. पुस्तकातल्या उदाहरणात एक मालक धरलेला असतो. आमच्या फाटकाबाहेर प्रत्येक ट्रॅक्टरचा मालक वेगळा आहे. जे या प्रश्नावर काम करतील त्यांना माल, भाव आणि गाड्यांच्या नोंदी द्यायला आमचे शेतकरी आणि आडते तयार आहेत, तसे त्यांनी मला बोलून दाखवले आहे.

आता व्यवस्थेविषयी, कारण गेले दोन महिने माझी झोप तिनेच घेतली आहे. आपली राहण्याची सोय दोन धर्मशाळांत, शाळेच्या वर्गखोल्यांत आणि गावकऱ्यांच्या घरी केली आहे. वर्गखोल्यांत पलंग कमी पडले, काहींना गादीवर झोपावे लागले; थंडी कडक आहे, रजया जास्तीच्या ठेवल्या आहेत, संकोच न करता मागून घ्याव्यात. गरम पाणी सकाळी साडेपाचपासून अंगणातल्या बंबांवर मिळेल. वीज गेली तर जनरेटर आहे, पण त्याच्या आवाजात भाषण ऐकू येणार नाही, त्या वेळी वक्त्यांनी क्षणभर थांबावे. काल सिहोऱ्याहून आणायला ठरवलेल्या बसपैकी एक आलीच नाही आणि काही मंडळींना स्टेशनवर थांबावे लागले. त्यांत दोन ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. ज्यांना सांध्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी खुर्चीवर जेवणाची वेगळी पंगत आहे. जेवण इकडच्या पद्धतीचे आहे, तिखट बेताचे. उद्या दुपारी मटाराच्या करंज्या आणि कटंगीचे रसगुल्ले आहेत. पुरणपोळी परवा होईल, आमच्या घरच्या आणि शेजारच्या बायका मिळून करणार आहेत.

आणि आभार. गल्ला मंडीतील व्यापाऱ्यांनी शिधा दिला. मंडपवाल्याने भाड्याचा एक पैसा घेतला नाही. ज्या हलवायाने नाश्त्याचा भार उचलला त्याने आपले नाव घेऊ नये अशी अट घातली, ती मी पाळतो. तीन शेतकऱ्यांनी दूध, एकाने सरपण आणि जवळजवळ प्रत्येक घराने अंथरूण-पांघरूण दिले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी परीक्षेच्या तारखा सांभाळून खोल्या मोकळ्या करून दिल्या. ढीमर मंडळींनी पाणी भरले, नगर परिषदेच्या सफाई कामगारांनी रात्री दोन वाजेपर्यंत रस्ता झाडला. जबलपूरच्या मराठी मंडळींनी रोख मदत केली आणि मुलांची स्वयंसेवक तुकडी पाठवली. पांढऱ्या टोप्यांतली ती मुले आपल्याला जे हवे ते आणून देतील. देवळाच्या पुजाऱ्यांनी दर्शनाची वेळ आपल्यासाठी वाढवली आहे. कोणाचे नाव राहिले असेल तर ते आमच्या मनात आहे, असे त्यांनी समजावे.

आज रात्री जेवणानंतर ज्यांना मंडीच्या फाटकाशी चालत यायचे आहे त्यांनी नऊ वाजता मांडवाच्या दारात जमावे. शाल किंवा कानटोपी बरोबर घ्यावी. गाड्यांची रांग तेव्हा लागायला सुरुवात होते, आणि रांगेतल्या शेतकऱ्यांशी आपल्याला मोकळेपणी बोलता येईल.

मझौलीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.