तिवरांची बाजू



तिवरं मारायला कुऱ्हाड लागत नाही. खाडीच्या फाट्याच्या तोंडाशी रात्री राडारोड्याचे चार डंपर रिकामे केले की झालं. भरतीचं पाणी आत यायचं थांबतं, झाडं उभ्याउभ्या वाळतात. पुढे भराव पडतो, चाळी उठतात नाहीतर टॉवर. तिथे तिवरांची खाजण होती हे मग नकाशालाच ठाऊक!

‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ ही संस्था याविरुद्ध २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात गेली. पुढच्याच वर्षी २६ जुलैचा पाऊस झाला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्यानंतर मिठी नदीकाठच्या माणसाला पुराचं पाणी झेलणाऱ्या खाजणीचं मोल वेगळं सांगायची गरज उरली नाही. ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश आला : राज्यभर तिवरतोड बंद, त्यांच्यावर भर टाकणं बंद, त्यांच्या चहूबाजूंनी ५० मीटरांत बांधकाम बंद, जमीन कुणाचीही असो.

अंतरिम म्हणायचा, पण त्याच्यावरच तेरा वर्षं निघाली. दरम्यान २०१२मध्ये वनखात्यात तिवरांसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. अंतिम निकाल १७ सप्टेंबर २०१८चा, न्यायमूर्ती अभय ओक आणि रियाझ छागला यांचा. तिवरांचा नाश म्हणजे घटनेच्या २१व्या कलमाचा, म्हणजे तुमच्याआमच्या जगण्याच्या हक्काचा भंग, असं त्यांनी बजावलं.

निकालात एक दार मात्र उघडं आहे. सार्वजनिक हितासाठी तोड अटळच असेल, तर न्यायालयाची परवानगी घ्यायची. त्या दारातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आली. आधी ५३ हजारांहून जास्त तिवरं जाणार होती. आराखडा बदलल्यावर आकडा २२ हजारांच्या आत आला. संस्थेनं विरोध केला, तरी डिसेंबर २०२२मध्ये परवानगी मिळाली.

संस्था हरली म्हणावं, तर मला ते पटत नाही. पूर्वी रात्रीचा डंपर कुणाला विचारत नव्हता. आता बुलेट ट्रेनच्या सरकारी कंपनीलाही भर कोर्टात झाडांचा हिशेब द्यावा लागतो. हिशेबातली एक रक्कम मात्र मला खटकते : भरपाई म्हणून पाचपट लागवड. रोप दुसऱ्या खाडीत लावलं, तर या खाडीचं पाणी कोण अडवणार? आणि लावलेल्यांपैकी जगली किती, ते चिखलात उतरून मोजणार कोण?