‘रॅटाटुई’ आणि एक घास



साहित्याच्या या व्यासपीठावरून मी एका उंदराबद्दल बोलणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. ‘रॅटाटुई’ हा पिक्सारचा २००७ सालचा ॲनिमेशनपट. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. रेमी नावाचा उंदीर पॅरिसच्या एका नावाजलेल्या हॉटेलात लिंग्विनी नावाच्या नवशिक्या पोराच्या टोपीत बसतो, त्याचे केस ओढत ओढत त्याच्या हातून स्वयंपाक करवून घेतो. नात पाहत होती म्हणून मी शेजारी टेकलो. ती मध्येच झोपली, मी मात्र शेवटपर्यंत उठलो नाही.

चव डोळ्यांना दाखवायची कशी? रेमी चीज आणि स्ट्रॉबेरी एकत्र चाखतो तेव्हा भोवती काळोख होतो आणि त्यात रंगांची वलयं संगीतासह फिरू लागतात. त्याचा भाऊ हाती लागेल ते गिळणारा. त्याला शिकवूनही जेमतेम दोन-चार पुसट आकार दिसतात. पेशंटची जीभ रोज पाहणाऱ्या माणसाला हा फरक लगेच पटतो. आणखी एक प्रसंग. रेमीचा बाप त्याला एका दुकानाच्या काचेत टांगलेले मेलेले उंदीर दाखवतो. तसं दुकान पॅरिसमध्ये खरोखर आहे. मी जैन घरातला. तिथे माझा घास अडकला. (उंदीर स्वयंपाकाला लागण्याआधी भांडी धुण्याच्या यंत्रातून वाफेनं स्वच्छ होऊन येतात, तेव्हा माझ्यातला डॉक्टर जरा सावरला.)

पण मला बोलायचंय ते अँटोन इगोबद्दल. हा काटकुळा, सुतकी चेहऱ्याचा समीक्षक. त्याच्या एका लेखानं हॉटेल बुडतं. त्याच्यापुढे रेमी रॅटाटुई ठेवायचं ठरवतो, तेव्हा कोलेट ही आचारीण चपापते. ही तर शेतकऱ्याघरची भाजी! वांगं, झुकिनी, टोमॅटो यांच्या पातळ चकत्या. रश्शात कांदा-लसूण असतो, म्हणजे मला ती वर्ज्यच. इगो पहिला घास घेतो आणि एका क्षणात लहान होतो. सायकलवरून पडलेला, रडवेला पोरगा दारात उभा आहे, आई गालावरून हात फिरवते आणि हीच भाजी पुढे ठेवते. इगोच्या हातातलं पेन गळून पडतं.

तिथे मला माझी आई आठवली. तिला मधुमेह होता. शेवटच्या वर्षी ती एकच मागायची, माहेरचं हुलग्याचं माडगं. हुलग्याचं पीठ आणि गूळ, बस्स. गरिबाघरचंच खाणं. मी म्हणायचो, “आई, गूळ नको.” ती म्हणायची, “बरं बाबा, तू डॉक्टर.” साखरेचा आकडा मी सांभाळला. दोन चमचे माडग्यानं काय बिघडलं असतं, हा हिशेब मी तेव्हा केला नाही, आणि आता तो करून उपयोग नाही.

आमच्या होमिओपॅथीच्या केसपेपरवर खाण्यातली आवड-नावड लिहायला जागा असते. चाळीस-एक वर्षं मी तिथे गोड, तिखट, आंबट असा एखादा शब्द टाकून पुढे जात आलो. हल्ली आणखी एक विचारतो, “हे तुम्हाला करून कोण घालायचं?” परवा सत्तरीच्या एका गृहस्थांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग बोलतच सुटले. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी त्यांना थांबवलं नाही.